उघड्या हाडावर मांस केव्हा? ७२ तासांच्या वादाची पार्श्वभूमी

मांडीच्या हाडाभोवती मांसाचे जाड वेष्टन असते. नडगीच्या पुढच्या बाजूला मात्र हाड आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये फक्त कातडी. म्हणूनच दुचाकी घसरून पाय चाकाखाली आला की हाड उघडे पडते ते बहुतेक वेळा इथेच. गोव्याच्या रस्त्यांवर गेल्या दशकात वर्षाला सव्वादोनशे ते साडेतीनशे माणसे दगावली, त्यांतली बहुसंख्य दुचाकीवरची. जी वाचली आणि बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेज इस्पितळात पोहोचली, त्यांतल्या काहींच्या पायाबाबत पहिल्या दोन-तीन दिवसांतच एक प्रश्न उभा राहतो. हाड तर सांधले. आता ते झाकायचे कधी आणि कोणी? पहिल्या ७२ तासांतच झाकावे की थांबले तरी चालेल, हाच तो वाद.

प्लॅस्टिक सर्जरीची कथा सुश्रुतापासून सुरू होते आणि पुण्यात कपाळाच्या कातडीने घडवलेल्या, १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आलेल्या नाकापर्यंत येते; ती सगळी इथे सांगत नाही. तिच्यातला एक मुद्दा मात्र पुढच्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे. कपाळाची कातडी नाकावर वळवली तेव्हा ती आपला रक्तपुरवठा बरोबर घेऊन आली. यालाच फ्लॅप म्हणतात. मांडीवरून सोलून लावलेली पातळ कातडी, म्हणजे ग्राफ्ट, ही खालच्या जागेच्या रक्तावर जगते. वरचे आवरण खरवडून गेलेल्या कोरड्या हाडावर ग्राफ्ट धरत नाही. तिथे फ्लॅपच लागतो.

पहिल्या महायुद्धात जबडे उडालेल्या सैनिकांसाठी हे तंत्र वाढले, पण फ्लॅप टप्प्याटप्प्याने सरकवत न्यायला आठवडे, कधी महिने लागत. भारतात प्लॅस्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग १९५८ मध्ये नागपूरला सुरू झाला. तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे होता आणि पणजीत १८४२ पासून चालत आलेले वैद्यकीय विद्यालय जुन्याच चाकोरीत होते. मुक्तीनंतर ते मुंबई विद्यापीठाशी जोडले गेले आणि तिथून नव्या शाखांची वाट खुली झाली.

जखमांचे स्वरूप बदलले ते त्यानंतरच्या काळात. भाड्याने प्रवासी नेणारे मोटारसायकल पायलट गोव्याच्या रस्त्यांवर नित्याचे झाले, घरोघरी स्कूटर आली, आणि सांगे, डिचोली, सत्तरीच्या अरुंद रस्त्यांवरून खनिजवाहू ट्रक दिवसभर धावू लागले. २०१२ मध्ये खाणी बंद होईपर्यंत या पट्ट्यातल्या माणसांना ट्रकखालचा पाय म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नव्हते. ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला आणि बार्देशकडून पणजीला येणाऱ्यांना पुन्हा फेरीबोटीचा आधार घ्यावा लागला. इस्पितळ तेव्हा पणजीतच होते. ते बांबोळीच्या पठारावर, महामार्गाला लागून आले नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. २००८ मध्ये १०८ ची रुग्णवाहिका आली आणि अपघाताच्या जागेवरून कॅज्युअल्टीपर्यंतचा वेळ कमी झाला.

पूल पडला त्याच वर्षी, इथून हजारो किलोमीटर दूर, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या एका शल्यविशारदाचा लेख प्रसिद्ध झाला. आजचा वाद त्या लेखापासून सुरू होतो, आणि त्याआधी काय मानले जात होते हे पाहिल्याशिवाय तो कळत नाही.

जखम सहा तासांत धुतलीच पाहिजे, हा नियम १८९८ च्या जर्मनीतल्या एका प्रयोगातून आला. गिनीपिगच्या जखमांत बागेतली माती आणि जिन्यावरची धूळ भरून तो केला होता. शंभराहून अधिक वर्षे तो नियम माणसांना लावला गेला. महायुद्धांनी दुसरा धडा दिला: घाणेरडी जखम लगेच शिवू नका, आत गॅस गँगरीन, म्हणजे मांस सडवणारा संसर्ग, होतो; उघडी ठेवा, ड्रेसिंग करत राहा, लालसर मांस भरून आले की मग झाका. खंदकांतल्या जखमांसाठी हा धडा मोलाचा होता. पण नडगीच्या बाबतीत त्याचा परिणाम उलटा झाला. ड्रेसिंग बदलता बदलता हाड वाळे, काळे पडे, आतला रॉड किंवा प्लेट दिसू लागे, पू येई. अस्थिरोगवाल्यांनी १९७६ मध्ये उघड्या फ्रॅक्चरची प्रतवारी केली, १९८४ मध्ये तिसऱ्या प्रतीचे पोटभाग पाडले आणि हाड झाकायला फ्लॅप लागणारच अशा जखमांना वेगळे नाव मिळाले. दरम्यान १९७३ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून शरीराच्या एका भागातला फ्लॅप दुसरीकडे नेणे पायाच्याच एका जखमेसाठी यशस्वी झाले होते. आता आठवडे लागत नव्हते. एका दिवसात झाकणे शक्य होते.

१९८६ च्या लेखात अशा ५३२ रुग्णांचा हिशेब होता. ७२ तासांच्या आत झाकलेल्यांत फ्लॅप वाया जाण्याचे प्रमाण ०.७५ टक्के आणि संसर्ग १.५ टक्के. तीन दिवस ते तीन महिने या काळात झाकलेल्यांत हेच आकडे १२ आणि १७.५ टक्के. तीन महिन्यांनंतर ते पुन्हा खाली आले, ९.५ आणि ६. लेखकाचे त्याच वर्षी, त्रेचाळिसाव्या वर्षी, रस्ता अपघातात निधन झाले. पुढच्या आक्षेपांना उत्तर द्यायला तो राहिला नाही, हे या इतिहासातले मोठे दुर्दैव.

आक्षेप खरेही होते. रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. उशिरा झाकलेल्यांत दुसरीकडून आलेले, आधीच पू झालेले पाय होतेच. नंतरच्या अभ्यासांनी मुदत आठवडा-दहा दिवसांपर्यंत ताणता येते असे दाखवले. शिवाय डोक्याला किंवा छातीला मार असलेल्या माणसाला सहा-आठ तास टेबलावर ठेवणे हा जिवाशी खेळ आहे, आणि रात्रभर दमलेल्या हातांनी दोन मिलिमीटरची शीर जोडणेही शहाणपणाचे नाही. हे सगळे मान्य. तरी लेखातला खरा आग्रह मागे पडला, असे माझे ठाम मत आहे. तो फक्त घड्याळाचा नव्हता. पहिल्याच वेळी मेलेले मांस, मेलेले हाड, सगळे निर्दयपणे कापून काढा आणि मग झाका, असा तो होता. अर्धवट साफ केलेली जखम ७२ तासांत झाकली तर पूच कोंडला जातो, आणि दोष मात्र वेळेला दिला जातो.

१९९७ नंतर हवा खेचणारे यंत्र, बोलीतले ‘व्हॅक’, आले. जखमेवर स्पंज, त्यावर प्लॅस्टिक, नळी जोडली की पाणी खेचले जाते, रोजच्या ड्रेसिंगच्या वेदना कमी होतात. रुग्णाला आणि नर्सला दोघांनाही दिलासा. पण त्यातून एक सवय लागली: यंत्र लावलेच आहे, तर फ्लॅप पुढच्या आठवड्यात पाहू. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये ४६० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. पायाच्या गंभीर उघड्या फ्रॅक्चरमध्ये वर्षभरानंतरचे अपंगत्व किंवा खोलवरचा संसर्ग, दोन्हींत यंत्र आणि साधे ड्रेसिंग यांत फरक आढळला नाही. व्हॅक टाकाऊ आहे असा याचा अर्थ नव्हे, पण त्याच्या भरवशावर थांबण्याला आधार उरला नाही.

   

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. काणकोणहून, पेडण्याहून किंवा वाळपईहून निघालेला रुग्ण दोन-अडीच तासांत बांबोळीला येतो. सिंधुदुर्गातले लोकही इथेच येतात; २०१८ मध्ये परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झाले तेव्हा दोडामार्गात आंदोलन झाले ते याच अवलंबित्वामुळे. विदर्भात किंवा मराठवाड्यात तीन दिवसांतला अर्धा वेळ रेफर होण्यात जाऊ शकतो. गोव्याला ती सबब नाही. इथे ७२ तासांचा प्रश्न रस्त्यावरचा नसून इस्पितळाच्या आतला आहे: ऑपरेशनचे टेबल कोणत्या दिवशी कोणाचे, भूल देणारा रात्री उपलब्ध आहे का, फ्लॅपवर तासातासाला नजर ठेवायला नर्स आहे का, आणि प्लॅस्टिक सर्जरीवाल्यांना बोलावणे पहिल्या दिवशी जाते की पाचव्या.

ब्रिटनमधील मानक आता सांगते की अस्थिरोग आणि प्लॅस्टिक सर्जरी या दोन्ही शाखांच्या अनुभवी डॉक्टरांनी योजना एकत्र आखावी, पहिली साफसफाईही मिळून करावी आणि शक्यतो ७२ तासांत हाड झाकावे. यातल्या पहिल्या साफसफाईकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. नडगीच्या वरच्या तृतीयांशात पोटरीचा स्नायू वळवता येतो, मधल्या भागात त्याखालचा. घोट्याजवळ मात्र स्थानिक मांस नाहीच, आणि तिथे आतल्या बाजूने वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर बेतलेला फ्लॅप कामी येऊ शकतो. साफसफाईसाठी जखम वाढवताना पहिला छेद नडगीच्या आतल्या कडेपासून साधारण दीड सेंटिमीटर मागे घेतला तर त्या वाहिन्या वाचतात. तो आणखी मागे गेला की कापल्या जातात, आणि पाचव्या दिवशी बोलावलेल्या प्लॅस्टिक सर्जनला तो पर्याय उरत नाही.