पुरेशी जमीन म्हणजे किती? जावातल्या श्रीहार्जो गावाची पार्श्वभूमी

इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या खेड्यांत 'चुकुपान' असा एक शब्द आहे. 'चुकुप' म्हणजे पुरेसं. ज्या घरात वर्षभर भात शिजतो, पोरांचे कपडे होतात, कुणाच्या लग्नाकार्याला हात आखडता घ्यावा लागत नाही आणि कर्ज काढायची वेळ येत नाही, ते घर चुकुपान. १९६९-७०च्या सुमारास डेव्हिड पेनी हे ऑस्ट्रेलियन अर्थतज्ज्ञ आणि मासरी सिंगारिंबुन हे इंडोनेशियन मानववंशशास्त्रज्ञ श्रीहार्जोत अभ्यासासाठी आले. चुकुपान व्हायला किती जमीन लागते, याचं गावातून मिळालेलं उत्तर होतं ०.७ हेक्टर भातखाचर आणि ०.३ हेक्टर परसू, म्हणजे घराभोवतीची बाग. आपल्या मापात पावणेदोन एकर खाचर आणि पाऊण एकर परसू. गावातल्या बहुसंख्य घरांकडे याच्या जवळपासही जमीन नव्हती. जावाच्या गरिबीबद्दल पुढे बरंच लिहिलं गेलं, पण मला तरी हा अडीच एकरांचा हिशेब सगळ्यात बोलका वाटतो. तो गावकऱ्यांनीच मांडलेला आहे.

श्रीहार्जो हे योग्याकार्ता शहराच्या दक्षिणेला, बांतुल जिल्ह्यातल्या इमोगिरी भागात येतं. नावातली 'श्री' आपलीच. जावात देवी श्री म्हणजे भाताची देवी. गावाचा पश्चिमेकडचा भाग सपाट, पाण्याखालचा. पूर्वेकडे ओया नदीची खोल घळ आणि गुनुंग किदुलच्या कोरड्या डोंगरांची सुरुवात. त्यामुळे एकाच गावात दोन तऱ्हेचे शेतकरी नांदतात: खालच्या वस्तीत 'सावाह' म्हणजे खाचर कसणारे आणि वरच्या वस्तीत 'तगालान' म्हणजे कोरडवाहू वरकस जमिनीवर कसाव्यासारखी पिकं घेणारे.

जवळच्याच टेकडीवर माताराम या जुन्या जावानी राज्याचा राजा सुलतान आगुंग याची समाधी आहे. हे राजघराण्याचं दफनस्थळ त्यानेच १६३२च्या सुमारास बांधायला घेतलं. मराठी वाचकाने या राजाची एक गोष्ट ध्यानात ठेवावी अशी आहे. १६३३ मध्ये त्याने इस्लामी चांद्रमास स्वीकारले, पण वर्षांची मोजणी मात्र शकाचीच ठेवली. शके १५५५ पासून आकडा तसाच पुढे चालू राहिला. शेतीची कामं मात्र चांद्रमासांवर चालत नाहीत, म्हणून शेतकऱ्यांचं सौर पंचांग वेगळं राहिलं. त्याला 'प्रानाता मांग्सा' म्हणतात. १८५५ मध्ये सुराकार्ताचा राजा पाकुबुवोनो सातवा याने ते अधिकृत केलं. वर्षाचे २३ ते ४३ दिवसांचे बारा तुकडे, आणि त्यातल्या शेवटच्या दोघांची नावं देस्ता आणि सादा, म्हणजे ज्येष्ठ आणि आषाढ. पण तिथला पाऊस नोव्हेंबर ते मार्च. त्यामुळे त्यांचा सादा येतो तेव्हा पावसाळी भात घरात आलेला असतो आणि कोरडा ऋतू लागलेला असतो.

जमीन मात्र शेतकऱ्याची नव्हती. १७५५च्या गियांती तहाने मातारामचे योग्याकार्ता आणि सुराकार्ता असे दोन तुकडे पडले. खुद्द इमोगिरीही वाटली गेली आणि तिथला सुराकार्ताचा भाग थेट १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात योग्याकार्तात आला. दोन्ही दरबारांत जमीन राजाची समजली जाई. राजा ती सरदारांना जहागिरीसारखी लावून देई आणि सरदारांच्या वतीने 'बकल' नावाचा माणूस गावातून उत्पन्नाचा वाटा गोळा करी. बाकीच्या जावावर १८३० पासून डच सरकारची सक्तीच्या पिकांची पद्धत आली. या दोन संस्थानांत ऊस आला तो वेगळ्या वाटेने: युरोपीय कारखानदार सरदारांकडून जमिनी भाड्याने घेत, आणि जमिनीबरोबर त्यावरच्या माणसांचे श्रमही त्यांना मिळत. बांतुलमध्ये साखर कारखाने उभे राहिले आणि खाचरांत भात आणि ऊस पाळीपाळीने येऊ लागले.

१९१८ मध्ये योग्याकार्तात जहागिरी गेल्या, बकल गेला, आणि गावाला जमिनीवर हक्क मिळाला. आजचं गाव खरं म्हणजे या सुधारणेतून घडलं. गावाच्या सामाईक जमिनीचे हिस्से झाले: एक गावनिधीसाठी, एक पदावरच्या अधिकाऱ्यांना पगाराऐवजी, आणि एक निवृत्त अधिकाऱ्यांच्या उतारवयासाठी. या तिसऱ्या हिश्शाला 'पंगारम-आरम' म्हणतात. आजही हा शब्द ग्रामकचेरीत वापरला जातो. पण त्याच वेळी गावातली उतरंडही पक्की झाली. खाचर आणि घरजागा दोन्ही असलेला 'कुली कन्चंग' वर, आणि दुसऱ्याच्या जागेत झोपडी घालून राहणारा 'ङिंदुंग' सगळ्यात खाली.

माणसं मात्र वाढत गेली. जावाचा ब्रिटिश गव्हर्नर रॅफल्स याच्या १८१५च्या मोजणीत जावाची लोकसंख्या सुमारे ४५ लाख भरली. ती कमी मोजली गेली असावी असं अभ्यासक मानतात. १९३०च्या जनगणनेत ती ४ कोटी १७ लाख होती, आणि २०२० मध्ये १५ कोटींच्या वर. त्यात वारसाहक्काने मुलींनाही जमिनीत वाटा मिळतो. 'सपिकुल सगेंदोंगान' हा त्याचा एक नियम: पुरुष कावडीने दोन ओझी नेतो, बाई पाठीवर एक नेते, म्हणून मुलाला दोन वाटे, मुलीला एक. पुष्कळ घरांत सरळ समान वाटणीही होते. दोन्हींत खाचर बारीकच होत जातं.

मग घर चालायचं कशावर? परसावर. तिथे नारळ, केळी, फणस, औषधी, कोंबड्या असं सगळं दाटीने असतं. डोंगराकडच्या मिरी वस्तीत पुरुष नारळाच्या झाडावर दिवसातून दोनदा चढून रस काढत आणि बायका तो आटवून गूळ करत. कष्टाच्या मानाने पैसा अगदी थोडा, आणि चुलीसाठी डोंगरावरचं सरपण संपत चाललेलं.

हरित क्रांती आली तेव्हा धान्य वाढलं, पण वाटण्याची रीत मोडली. पूर्वी कापणीला शेजारणी येत. 'आनी-आनी' हे तळहातात मावणारं पातं घेऊन एकेक लोंबी खुडत आणि त्यातला 'बावोन' हा वाटा घरी नेत. नव्या बुटक्या वाणांना विळा चालला, उभं पीक व्यापाऱ्याला विकलं जाऊ लागलं आणि मोजक्याच मजुरांवर भागू लागलं. १९७०च्या दशकात भातगिरण्या आल्या आणि बायकांचं कांडणाचं कामही गेलं. गरीब घरांत बाईच्या हातचे चार पैसे यातूनच येत होते. या नुकसानीची नोंद उत्पादनाच्या आकड्यांत कुठेच दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्यातच तपकिरी तुडतुड्याने पिकं जाळली. कीटकनाशकांनी तुडतुड्याचे शत्रू कीटकही मरत होते, म्हणून अखेर १९८६ मध्ये सरकारने ५७ कीटकनाशकांवर भातासाठी बंदी घातली.

सिंगारिंबुन पुढे गाजा मादा विद्यापीठात काम करत होते आणि श्रीहार्जोशी त्यांचा संबंध राहिला. मिरीकडे रस्ता झाल्यावर गाव कसं बदललं यावरही त्यांनी लिहिलं. बांधकामावर, बाजारात, शहरात रोजगार मिळू लागला आणि घरखर्च निव्वळ खाचरावर अवलंबून राहिला नाही.

२७ मे २००६ला पहाटे ५ वाजून ५३ मिनिटांनी भूकंप झाला. एकूण ५,७००हून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक बांतुलमधली. विटांची, लोखंडाचा आधार नसलेली घरं क्षणात बसली. ती पुन्हा उभी राहिली ती सरकारी मदतीने आणि 'साम्बातान'ने. साम्बातान म्हणजे आपली इर्जिक: एकाच्या घराला सगळ्यांचे हात, मालकाने फक्त जेवण घालायचं.

२०१४च्या ग्राम कायद्यानंतर राष्ट्रीय निधी गावाच्या खात्यात येऊ लागला. आता ओयाच्या काठी सुट्टीच्या दिवशी सायकली घेऊन पाहुणे येतात, पलमादू वस्तीत घरोघर शेंगदाण्याचे कुरकुरीत 'पेयेक' तळले जातात, तरुण मंडळी मोटारसायकलवर शहरात कामाला जातात. खाचरं बरीचशी वयस्कर हातांत आहेत. अनेक जण ती दुसऱ्याला 'मारो'ने देतात: अर्धं पीक मालकाचं, अर्धं कसणाऱ्याचं.