रेकॉर्डिंग शेवटची दोन मिनिटं का खातं?

आठची मालिका रेकॉर्डिंगला लावून घरातली माणसं लग्नाला जातात, रात्री परत येऊन भाग लावतात आणि दारात कोण उभं आहे हे कळायच्या आत रेकॉर्डिंग संपतं. सुरुवातीला मात्र आधीच्या कार्यक्रमाची दोन मिनिटं आलेली असतात. घरात लगेच निदान होतं: सेट-टॉप बॉक्सचं घड्याळ पुढे गेलंय. हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं.

आधी घड्याळाचंच पाहू. साध्या इलेक्ट्रॉनिक घड्याळातला क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. साधारण २५ अंश सेल्सिअसला त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. त्याहून तापला किंवा गारठला की तो मंदावतो. मे महिन्यात परभणीत पारा बेचाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत टीव्हीमागे कोंबलेला बॉक्स आतून ६० अंशांपर्यंत तापू शकतो. सतत तेवढ्या उष्णतेत असं घड्याळ दिवसाला साडेतीन सेकंदांच्या आसपास चुकेल, महिन्याभरात पावणेदोन मिनिटं. पण ते मागे पडेल, पुढे जाणार नाही. आपली तक्रार नेमकी उलटी आहे.

शिवाय डीटीएचचा बॉक्स या स्फटिकाच्या भरवशावर राहतच नाही. डिजिटल प्रसारणाच्या डीव्हीबी मानकानुसार चित्र आणि आवाजासोबत वेळेचं एक छोटं कोष्टकही येत असतं, निदान दर ३० सेकंदांनी एकदा. त्यातली तारीख आपल्यासारखी लिहिलेली नसते. १७ नोव्हेंबर १८५८ पासून किती दिवस झाले, तो आकडा तिथे असतो. मराठवाडा मुक्तिसंग्रामाला ७५ वर्षं पूर्ण झाली तो दिवस, १७ सप्टेंबर २०२३, या हिशोबात ६०२०४ वा. त्यापुढे तास, मिनिटं, सेकंद येतात, तेही जागतिक वेळेत. त्या रात्री आपल्याकडे आठ वाजले तेव्हा कोष्टकात १४:३०:०० होतं. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. दिवसाच्या आकड्याला १६ बिट्सचीच जागा आहे, ती २२ एप्रिल २०३८ रोजी भरते. त्यानंतर आकडा पुन्हा शून्यावर येईल आणि बॉक्सच्या सॉफ्टवेअरला ते आधीच ठाऊक असावं लागेल.

सिग्नलला थोडा उशीर होतो हेही खरं. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहापर्यंत जाऊन परत यायला पाव सेकंद लागतो, आणि चित्राची माहिती आकसून लहान करण्यात आणखी काही सेकंद जातात. शेजाऱ्यांकडे षटकाराचा आरडाओरडा आधी होतो आणि आपल्या पडद्यावर चेंडू नंतर उडतो, तो याच फरकामुळे. तरी हा हिशोब सेकंदांचा. दोन मिनिटं कुठे गेली, ते यातून सुटत नाही.

ती वाहिनीवरच जातात. थेट प्रक्षेपण लांबतं, जाहिराती वाढतात, रविवारचा महाएपिसोड ताणला जातो, आणि आठचा कार्यक्रम आठ वाजून दोन मिनिटांनी सुरू होतो. बॉक्सचं घड्याळ अचूक असतं, म्हणूनच तो ठरल्या वेळी बरोबर थांबतो आणि शेवट हुकतो. लातूरच्या एसटी स्टँडवर फलकावरची वेळ झाली म्हणून कुणी गाडीत चढत नाही. गाडी फलाटाला लागल्याचा पुकारा व्हावा लागतो. रेकॉर्डरलाही असा पुकारा ऐकू यायला हवा.

ही कल्पना जुनी आहे. पश्चिम जर्मनीत १९८५ मध्ये व्हीपीएस नावाची पद्धत आली. टीव्हीच्या चित्रात न दिसणारी एक ओळ वापरून प्रत्येक कार्यक्रमाबरोबर त्याची मूळ, छापील वेळ पाठवली जाई. कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला तरी खूण तीच, आणि व्हीसीआर, म्हणजे कॅसेटवर रेकॉर्डिंग करणारं यंत्र, ती खूण दिसेपर्यंत थांबून राही. मला ही युक्ती फार सुंदर वाटते. घड्याळ सुधारण्याच्या भानगडीत न पडता वेळेलाच त्यांनी कार्यक्रमाचं नाव करून टाकलं.

डिजिटल मानकात याची जागा ‘आता’ आणि ‘पुढे’ या कोष्टकाने घेतली. प्रत्येक कार्यक्रमाला एक क्रमांक असतो आणि हे कोष्टक दर दोन सेकंदांत पुन्हा येतं. त्यात कार्यक्रमाची अवस्थाही सांगता येते: सुरू नाही, चालू आहे, थांबला आहे, आणि ‘काही सेकंदांत सुरू होणार’. ही शेवटची अवस्था मानकात ठेवली आहे ती रेकॉर्डिंग करणाऱ्यांची सोय डोळ्यांसमोर ठेवून. पण वाहिनीने ‘आता’चा क्रमांक खऱ्या क्षणी बदलला तरच याचा उपयोग. नुसतं छापील वेळापत्रक पाहून तो बदलला, तर पुकाराही फलकाइतकाच खोटा ठरतो. भाग कोणत्या सेकंदाला पडद्यावर गेला, हे प्रसारण चालवणाऱ्या संगणकाला माहीत असतंच. ती माहिती या कोष्टकापर्यंत पोहोचवणं हे वाहिन्यांचं काम आहे आणि ते त्यांनी करायलाच हवं.

तोवर चांगल्या रेकॉर्डरने दोन्हींचा आधार घ्यावा. घड्याळाप्रमाणे थोडं आधी जागं व्हावं, खूण आली की रेकॉर्डिंग सुरू करावं, खूण आलीच नाही तर छापील वेळेवर चालावं. जोराच्या पावसात केयू बँडचा, म्हणजे डीटीएच ज्या लहरींवर येतं त्यांचा, सिग्नल क्षीण होतो आणि नेमकी खूण हुकू शकते, त्यामुळे एकट्या खुणेवरही विसंबता येत नाही. आपल्या हातात आहे ते म्हणजे मागेपुढे मोकळी मिनिटं सोडणं. शेवटी दहा मिनिटं वाढवली तर साध्या दर्जाच्या चित्राला दोनशे एमबीच्या आसपास जागा जाते, म्हणजे काहीच नाही. अडचण होते ती ट्यूनरची, म्हणजे बॉक्समधल्या सिग्नल पकडणाऱ्या भागाची. साडेआठला दुसऱ्या वाहिनीवरचा कार्यक्रमही लावला असेल तर ती दहा मिनिटं दोन्ही ट्यूनर अडकतात, आणि तिसरं काही बघता येत नाही.

आणि लाईट. ऐन भागात ती गेली तर कुठलीही खूण कामाची नाही. पुष्कळ बॉक्समध्ये घड्याळासाठी बॅटरी नसते; वीज आली की बॉक्स आधी सिग्नल शोधतो, मग वेळ घेतो, मग रेकॉर्डिंगची यादी उघडतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर टीव्ही नसला तरी चालेल, बॉक्स मात्र हवा. छतावरच्या डिशसमोर सिग्नल पकडणारी जी डबी असते, त्या एलएनबीला वीज बॉक्सकडूनच, त्याच केबलमधून जाते, त्यामुळे एवढ्यावर रेकॉर्डिंग चालू राहतं. केबलवाल्यांच्या जोडणीत मात्र वाटेतल्या अ‍ॅम्प्लिफायरलाही वीज लागते, आणि तो गल्लीतल्या खांबावर असतो.