बेडकांचा रोग जगभर पोचला कसा

पाऊस लागला की नाशिकच्या नर्सऱ्यांत गर्दी, कुणी कमळाचा टब नेतं, कुणी फिश टँकसाठी पाणवनस्पती, आणि हौस फिटली की सगळं पाण्यासकट नासर्डीत नाहीतर गोदेत. त्याचा बेडकांशी काय संबंध म्हणाल तर बराच आहे, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

1930 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतला झेनोपस बेडूक प्रेग्नन्सी टेस्टसाठी वापरायला लागले. बाईच्या लघवीचं इंजेक्शन मादीला द्यायचं, तिने दिवसभरात अंडी घातली की रिपोर्ट पॉझिटिव्ह! असे ढीगभर बेडूक जहाजांतून देशोदेशी गेले, पुढे तंगड्या खाणाऱ्यांसाठी अमेरिकन बुलफ्रॉग आणि पाळायला रंगीत बेडूक पण. सोबत काय चाललंय हे तपासणार कोण?

1998 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि पनामातल्या मेलेल्या बेडकांच्या कातडीत एक बुरशी सापडली, काइट्रिड, 1999 ला तिचं रीतसर नामकरण झालं. तिच्या बीजाणूंना शेपटी असते, ते पाण्यात चक्क पोहतात. बेडूक पाणी कातडीनेच घेतो, श्वासही थोडाफार तिच्यातूनच, बुरशीने ही कातडी जाड झाली की अंगातलं सोडियम-पोटॅशियम बिघडतं आणि शेवटी हृदय बंद पडतं. 2018 च्या जनुकीय अभ्यासात बुरशीचं मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या बाजूला निघालं, म्हणजे आधी संशय होता तसं झेनोपसची आफ्रिका हे तिचं माहेर नाही, पण फैलावाला हातभार लावल्याचा आळ झेनोपसवर अजून आहेच.

मला सगळ्यात चटका लावतो तो स्पेनच्या मायोर्का बेटाचा किस्सा. तिथला दुर्मिळ बेडूक वाचवायला पिंजऱ्यात वाढवला, शेजारी आफ्रिकेतले बेडूक ठेवलेले, आणि सोडताना रोगही सोडला गेला. वाचवायला गेले आणि हे! 2019 च्या हिशोबाने या बुरशीमुळे 501 जातींची संख्या घटली, त्यातल्या 90 बहुधा संपल्याच.

झाडांचंही तेच. कुंडीतून पोर्टो रिकोचा कोकी बेडूक थेट हवाईत पोचला, आणि ओल्या मातीत, मुळांना चिकटलेल्या चिखलात बुरशी तग धरू शकते.

आपल्या सह्याद्रीत ही बुरशी सापडल्याची नोंद 2011 ची, सामूहिक मर मात्र बाहेरच्यासारखी दिसलेली नाही. वाळवणाने ती मरते, म्हणून टबाचं पाणी ओढ्यात न ओतता लांब कोरड्या मातीत उन्हात ओता, आणि अंजनेरी-ब्रह्मगिरीवरून आल्यावर बूट धुऊन कडक वाळवा.