ओसीआर केलेली पीडीएफ आणि ॲक्सेसिबल फाइल, दोन्ही एकच नाहीत

मुंबईतल्या कॉलेजांत आता सगळ्या नोट्स गूगल क्लासरूम नाहीतर मूडल अशा ऑनलाइन वर्गांवर असतात. दृष्टिहीन मुलांना वाचता येईल अशी फाइल द्या म्हटलं की बरेच जण जुन्या स्कॅनवर ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) मारतात आणि झाली ॲक्सेसिबल म्हणून तीच परत चढवतात. यात मुलांचं खरंच नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून आणलेलं पान म्हणजे स्क्रीन रीडरच्या, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, दृष्टीने नुसता फोटो. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर त्यावर गप्प तरी बसतो नाहीतर पान रिकामं आहे म्हणतो. ओसीआर त्या फोटोतली अक्षरं ओळखून टेक्स्ट बनवतं, मग एनव्हीडीए बोलायला लागतो, शब्द सर्च करता येतो. हा फायदा मोठाच आहे, पण ओसीआरचं काम तिथे संपतं.

ॲक्सेसिबल फाइलमध्ये अक्षरांसोबत रचनाही असते, म्हणजे हे हेडिंग, हा तक्ता, त्याची ही वरची ओळ, ही आकृती आणि तिचं वर्णन. एफवायच्या अर्थशास्त्राचा साधा तक्ता घ्या, किंमत, मागणी, पुरवठा असे तीन कॉलम, पहिल्या ओळीत 10, 50, 20 आणि दुसरीत 20, 40, 30. नुसत्या ओसीआरवर मुलाला ऐकू येतं "दहा पन्नास वीस वीस चाळीस तीस", आता यातला कुठला वीस किमतीचा आणि कुठला पुरवठ्याचा हे त्याने कसं ओळखायचं? तोच तक्ता वर्डमध्ये इन्सर्ट टेबलने करून वरची ओळ हेडर म्हणून ठेवली की बाणाची बटणं दाबत जाताना "मागणी, चाळीस" असं कॉलमच्या नावासकट ऐकू येतं. हेडिंगचंही तसंच. हेडिंग 1, हेडिंग 2 या स्टाइल लावल्या असतील तर एच दाबून मूल थेट पुढच्या मुद्द्यावर जातं, नुसतं बोल्ड करून फॉन्ट मोठा केला तर नाही. आणि आकृतीच्या अल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे तिला जोडलेल्या वर्णनात, "मागणी वक्र" एवढंच लिहून भागत नाही, किंमत वाढते तशी मागणी घटते, रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरते, असं लिहा.

मराठीत अजून दोन घोळ आहेत. एक म्हणजे ओसीआर ध-घ, भ-म यांत गोंधळतं, रफार खातं, "अर्थ"चं "अथ" होतं, त्यामुळे प्रूफ वाचल्याशिवाय फाइल देऊच नये. दुसरा, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स. डोळ्यांना चक्क मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि स्क्रीन रीडर तेच बडबडतो. तपासायचं असेल तर चार ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, लगेच कळतं. अशी फाइल कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरं असतील अशा रूपात, आणावी लागते.

माझं मत विचाराल तर मराठी नोट्ससाठी पीडीएफला ठिगळं लावत बसू नका, युनिकोडमध्ये वर्ड फाइल नीट बनवा आणि ती वर्ड फाइलच द्या. मराठी पीडीएफमधून टेक्स्ट बाहेर येताना वेलांट्या-काने पुष्कळदा इकडचे तिकडे होतात. पीडीएफ हवीच असेल तर सेव्ह ॲज करा, प्रिंट टू पीडीएफ नको, त्यात हेडिंगबिडिंगचे टॅग, म्हणजे रचनेच्या खुणा, सगळे जातात.

"पुस्तकाचं पान आहे, कॉपीराइट येईल" ही भीतीही नको. 2012च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये दिव्यांगांसाठी ॲक्सेसिबल प्रत बनवायची मुभा आहे आणि 2016चा दिव्यांग हक्क कायदा तर शिक्षणात सोय करून द्यायलाच सांगतो. अडलात तर सेंट झेवियर्स कॉलेजमधलं एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र 2003 पासून याच कामात आहे, तिथे विचारा.

नवी फाइल जुनीच्या जागीच टाका, मूडलवर त्याच ठिकाणी फाइल बदलता येते. दोन्ही ठेवल्या तर मुलं जुनीच उघडतात.

आणि परीक्षा तोंडावर आली असेल, सगळं टाइप करायला वेळच नसेल, तर तात्पुरती ओसीआरची प्रत जरूर द्या, पण यात तक्ते नीट ऐकू येणार नाहीत हे मुलांना आधीच सांगा आणि निदान तेवढे तक्ते वेगळ्या वर्ड फाइलमध्ये करून सोबत जोडा.