पार्श्वभूमी: मेरिलँडमधल्या छोट्या दिवाणी दाव्यांतून ज्यूरी कशी हटत गेली

नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेतल्या मेरिलँड राज्याच्या मतदारांनी राज्यघटनेतला एक आकडा बदलायला मंजुरी दिली. त्यामुळे दिवाणी दाव्यात ज्यूरी, म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिकांचे मंडळ, मागण्यासाठी दाव्याची रक्कम 15,000 ऐवजी 25,000 डॉलरच्या वर असण्याची अट घालता आली. मतपत्रिकेवरचा मजकूर रूक्ष होता आणि त्याची फारशी चर्चाही झाली नाही. ती व्हायला हवी होती.

आपल्याकडे ज्यूरी म्हटले की नानावटी खटला आठवतो, पण तो फौजदारी होता. इथला प्रश्न थकबाकी, अपघाताची भरपाई, घराचा ताबा अशा दाव्यांचा आहे.

देशाच्या राज्यघटनेत 1791 पासून 20 डॉलरची मर्यादा आहे आणि ती आजही तशीच आहे. मात्र ती फक्त केंद्रीय न्यायालयांना लागू होते. राज्ये त्याने बांधली जात नाहीत, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1916 मध्येही स्पष्ट केले. त्यामुळे प्रत्येक राज्याने आपापली रेघ ओढली. मेरिलँडने 1851 च्या घटनेत ती 5 डॉलरवर ओढली होती. 1970 मध्ये ती 500 वर गेली. त्याच सुमारास छोट्या दाव्यांसाठी राज्यभर एकच खालचे न्यायालय उभे राहिले. तिथे ज्यूरी बसतच नाही. ज्यूरी हवी असेल तर तशी मागणी करायची, की दावा वरच्या न्यायालयात जातो.

पुढचे सगळे राजकारण या सोयीभोवती फिरले. खालचे न्यायालय 30,000 डॉलरपर्यंतचे दावे ऐकते, त्यामुळे मधल्या पट्ट्यातले दावे प्रतिवादीच्या एका अर्जावर वर जात. किरकोळ मोटार अपघातात जखमी झालेल्याला मग सहा जणांची ज्यूरी निवडून होईपर्यंत थांबावे लागे आणि वकिलाचा खर्चही वाढे. विमा कंपन्या नेमका याचाच फायदा घेतात, ही तक्रार खोटी नाही. 2010 मध्ये मर्यादा 10,000 वरून 15,000 झाली आणि 2022 मध्ये 25,000, तेव्हा समर्थकांनी पुढे केलेले चित्र अशाच अडकलेल्या वादीचे होते. महागाईचे कारणही होतेच.

पण ‘दाव्याची रक्कम’ मोजायची कशी? पैसेच मागितले असतील तर उत्तर सोपे आहे. कायद्याने किंवा कराराने वकिलाची फी वसूल होत असली तरी ती वगळायची आणि उरलेला आकडा पाहायचा. घरमालक मात्र पैसे मागत नाही, ताबा मागतो. मग दाव्याची किंमत किती? एका सार्वजनिक गृहसंस्थेने भाडेकरूला काढायला घेतले, तेव्हा हा प्रश्न राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्या घरात राहण्याच्या हक्कालाच किंमत आहे आणि तीच मोजली पाहिजे, असा निकाल 1986 मध्ये लागला. तेव्हा मर्यादा 500 डॉलर होती. एवढी किंमत जवळपास कुठल्याही भाडेकराराची भरते, म्हणजे भाडेकरूला ज्यूरीचे दार खऱ्या अर्थाने उघडले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा निकाल तोच आहे.

तो निकाल कोणी फिरवला नाही, पण आकडा वाढत गेला तसे ते दार अरुंद होत गेले. समजा, महिना 1,800 डॉलर भाड्याचा एक वर्षाचा करार आहे. वर्षभराच्या भाड्यावर किंमत धरली तर 21,600 डॉलर होतात. जुन्या मर्यादेत हा भाडेकरू ज्यूरी मागू शकत होता, नव्या मर्यादेत नाही. मुदतीचे चारच महिने उरले असतील आणि तेवढेच धरले, तर जुन्या मर्यादेतही तो बाहेरच राहतो. राहते घर जाणे ही त्या कुटुंबासाठी किरकोळ बाब नसते, पण कायद्याच्या लेखी दावा ‘छोटा’ ठरतो. अपघातातल्या जखमीसाठी केलेला बदल भाडेकरूवर असा येऊन पडला. दोघांसाठी वेगवेगळ्या मर्यादा ठेवता आल्या असत्या.

याच राज्यात भाडेकराराबद्दल एक जुना नियम आहे. भाडेकरू ज्यूरीचा हक्क सोडून देत आहे, असे कलम घरमालकाला निवासी भाडेकरारात घालता येत नाही. भाडेकरूने सही करूनही जो हक्क सुटत नाही, तो मर्यादेचा आकडा वाढवून हजारो भाडेकरारांतून काढून घेता येतो.