शर्यत संपल्यावरची वीस वर्षं : रेसच्या घोड्याचं पुढे काय होत आलं

थरोब्रेड, म्हणजे खास शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचा घोडा, दुसऱ्या वर्षी शर्यतीत उतरतो आणि बहुतेकांची कारकीर्द पाचव्या-सहाव्या वर्षी आटोपते. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षं सहज जगतो. उरलेल्या वीस वर्षांचा खर्च कोणी करायचा, या प्रश्नाला रेसिंगच्या धंद्याने आजवर एकच उत्तर दिलं आहे : कुणीतरी घेईल. हा ‘कुणीतरी’ काळानुसार बदलत गेला. मुंबई-पुण्यात तो कोण होता आणि एकेक करून कसा नाहीसा झाला, हे पाहिल्याशिवाय आजची अडचण कळत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत हा प्रश्न फारसा जाणवत नव्हता. भायखळ्याच्या मैदानावर धावणारे घोडे मुख्यतः अरबी, बसऱ्याहून आणि आखातातून जहाजाने आलेले. लष्करासाठी ऑस्ट्रेलियातून ‘वेलर’ घोडे यायचे. शर्यत, पलटण, बग्गी, टांगा ही सगळी एकाच बाजाराची गिऱ्हाइकं होती. मैदानावर मागे पडलेला घोडा अधिकाऱ्याच्या स्वारीला जायचा, तिथून पोलोला, तिथून गाडीला. दर पायरीला किंमत उतरायची आणि हालही वाढायचे, पण मागणी होती. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ मध्ये उभं राहिलं आणि १९२५ मध्ये वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब स्थापन झाला (‘रॉयल’ ही उपाधी १९३५ ची), तेव्हाही शहर घोड्यांवरच चालत होतं.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत दोन गोष्टी एकदम घडल्या. घोडदळांची जागा मोटारी आणि रणगाड्यांनी घेतली. आज घोड्यांवरची उरलेली ६१ कॅव्हलरी ही पलटण प्रामुख्याने समारंभ आणि खेळांसाठी ओळखली जाते. त्याच काळात देशी पैदास वाढू लागली. इंडियन डर्बी ही शर्यत १९४३ मध्ये सुरू झाली, पुण्याच्या आसपास स्टड फार्म उभे राहिले, आयात घटली. म्हणजे घोड्याला खालच्या कामाला लावणारे हात कमी होत असतानाच शिंगरं इथेच जन्माला येऊ लागली. थरोब्रेड ही बंद वंशावळीची जात आहे. इंग्लंडच्या १७९१ च्या स्टड बुकापासून (वंशावळीच्या नोंदवहीपासून) निवड होत आली ती केवळ वेगासाठी. पातळ कातडी, पातळ तळवे आणि चटकन भडकणारा स्वभाव त्या निवडीबरोबरच आला. शेतीच्या किंवा ओझ्याच्या कामाला हा घोडा मुळातच अयोग्य.

मग एक नवं दार उघडलं, आणि त्याचा इतिहास थेट परळशी जोडलेला आहे. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये प्रतिविष रक्तातून मिळवता येतं हे दाखवलं आणि काही वर्षांतच घटसर्पाचं, धनुर्वाताचं, सर्पदंशाचं औषध घोड्याच्या रक्तातून तयार होऊ लागलं. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेलाही यासाठी घोडे लागत. पूनावाला कुटुंबाचा स्टड फार्म १९४६ चा. तिथले निवृत्त घोडे हाफकिनकडे जात. घोडे आपले आणि लस दुसऱ्याची, तर मग लस आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. सुरुवातीचं उत्पादन धनुर्वातविरोधी सीरमचंच, म्हणजे घोड्याच्या रक्तातून काढलेल्या प्रतिविषाचंच होतं. जगातल्या सर्वांत मोठ्या लस-उत्पादकांपैकी एका कंपनीचं मूळ रेसच्या नको झालेल्या घोड्यांत आहे, हे पुण्यातल्या लोकांनाही क्वचित ठाऊक असतं.

सीरमसाठी घोडा वेगवान असावा लागत नाही, म्हणून लंगडा झालेला घोडाही इथे चालतो. साधारण ३ ते १० वर्षांचा, ४०० किलोच्या वरचा, निरोगी घोडा घेतात आणि काही आठवडे वेगळा ठेवून तपासतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष अगदी सूक्ष्म मात्रेत, रोगप्रतिकार चेतवणाऱ्या द्रव्यात मिसळून मानेच्या आणि पाठीच्या कातडीखाली ठिकठिकाणी टोचतात. काही महिने हळूहळू मात्रा वाढवत नेतात. रक्तात पुरेसं प्रतिविष दिसलं की मानेच्या शिरेतून रक्त काढतात. सुरक्षित मर्यादा किलोमागे सुमारे १३ ते १५ मिलिलिटर. ४५० किलोच्या घोड्यामागे सहा-साडेसहा लिटर. प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) वेगळा करून तांबड्या पेशी त्याच घोड्याला परत चढवायच्या असतात.

बिघडतं ते या शेवटच्या टप्प्यांत. पेशी परत दिल्या नाहीत किंवा दोन वेळांमधलं अंतर कमी केलं तर घोडा पंडुरोगी होतो. एकाच जागी वारंवार टोचलं की गळू होऊन फुटतं. वर्षानुवर्षं रोगप्रतिकार यंत्रणा चेतवत ठेवल्याने यकृतात अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं, यकृत ठिसूळ होतं आणि एखाद्या दिवशी धडधाकट दिसणारा घोडा पोटात रक्तस्राव होऊन कोसळतो. म्हणून सेवेची मुदत ठरलेली हवी आणि त्यानंतर त्याला चरायला जागा हवी. सर्पदंशाच्या औषधाला घोड्याचा पर्याय अजून बाजारात रुळलेला नाही, तेव्हा हे घोडे लागणारच. ज्या घोड्याच्या रक्तावर शेतकऱ्याचा जीव वाचतो, त्याला किमान या दुसऱ्या नोकरीनंतर तरी निवृत्तीवेतन मिळायला हवं, असं आमचं ठाम मत आहे. धनुर्वात आणि घटसर्पाच्या प्रतिबंधक लसीकरणामुळे या दोन सीरमची गरज मात्र उतरली आणि तेवढी मागणीही घटली.

उरले टांगे, वराती आणि थंड हवेची ठिकाणं. मुंबईच्या व्हिक्टोरिया बग्ग्यांना घोडे पुरवणाऱ्या साखळीत रेसकोर्सवरून उतरलेले घोडेही असत. डांबरावर लोखंडी नाल घसरते, टाचेला सतत हादरे बसतात, आणि जिच्या पायाच्या नळीच्या (गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या) मागच्या स्नायूबंधाला आधीच दुखापत झाली आहे ती घोडी काही महिन्यांत कायमची अधू होते. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या गाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितल्या. निकाल योग्यच होता. पण गाड्या बंद झाल्या म्हणून घोड्यांचं पोट बंद होत नाही. मालकांचं आणि घोड्यांचं पुनर्वसन हा भाग पुढे बराच रेंगाळला.

माथेरानमध्ये मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे बंदी असल्याने साडेचारशेच्या वर परवानाधारक घोडे पर्यटक आणि सामान वाहतात. त्यांतही रेसचे उतरलेले घोडे येत राहिले. इथे त्यांची अडचण वेगळी. लाल मातीचा चढ-उतार, पावसाळ्यात निसरडा, आणि अलीकडे बसवलेले पेव्हर ब्लॉक, ज्यांवर घोडे घसरतात असं अश्वपाल सांगत आले आहेत. स्थानिक टट्टू या वाटांवर पाय तोलून चालतं, थरोब्रेड ठेचकाळतो. शिवाय पाऊसभर धंदा नसतो आणि तेव्हाच चाऱ्याचे वांधे होतात. ई-रिक्षा आल्यावर इथलीही घोड्यांची गरज कमी होणार, हे धरून चाललं पाहिजे.

परदेशात हा प्रश्न चव्हाट्यावर आला तो कत्तलखान्यामुळे. १९८६ ची केंटकी डर्बी आणि १९८७ ची ब्रीडर्स कप क्लासिक जिंकलेला फर्डिनंड १९९४ मध्ये जपानला पैदाशीसाठी विकला गेला. पुरेशा घोड्या मिळेनात म्हणून तो व्यापाऱ्याच्या हाती गेला आणि २००२ मध्ये कापला गेला. पुढच्या वर्षी ही बातमी फुटली आणि अमेरिका हादरली. त्याआधी १९९७ मध्ये एक्सेलर हा दुसरा नावाजलेला घोडा स्वीडनमध्ये याच वाटेने गेला होता. अमेरिकेतले शेवटचे तीन घोड्यांचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, पण घोडे मेक्सिको आणि कॅनडाच्या ट्रकांत चढतच राहिले. प्रवास तेवढा लांबला. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०१९ मध्ये दूरचित्रवाणीवर क्वीन्सलँडच्या कत्तलखान्यातलं चित्रण दाखवलं गेल्यावर तिथल्या रेसिंग संस्थांना पैसा काढावा लागला. ब्रिटनने १ जानेवारी २०२२ पासून नियम केला : मांसासाठी वापरता येणार नाही अशी नोंद पासपोर्टवर असल्याशिवाय घोडा धावणार नाही.

भारतात घोड्याच्या मांसाचा कायदेशीर धंदा नाही. त्यामुळे इथे आपण सुरक्षित आहोत असं समजणं धोक्याचं आहे. इथला घोडा उपाशी, हळूहळू, नजरेआड मरतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. घोडा उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणं हा त्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये. आज लसूणघासाची पेंढीही त्याहून महाग पडते.

आर्थिक दाब अलीकडे वाढला. जुलै २०१७ पासून रेसच्या पैजांवर २८ टक्के जीएसटी लागला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. क्लबचं उत्पन्न घटलं की बक्षिसं आटतात आणि खालच्या वर्गात धावणारा घोडा मालकाला परवडेनासा होतो. महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकी १२० एकर २०२४ च्या करारानुसार महापालिकेकडे गेले. २०२५ च्या उन्हाळ्यात हैदराबादहून जबलपूरजवळच्या रायपुरा गावी ५७ घोडे नेण्यात आले. आठवडाभरातच त्यांतले घोडे दगावू लागले, आठ मेले आणि आकडा पुढेही वाढत गेला. प्रकरण उच्च न्यायालयात पोहोचलं. ऐन उन्हाळ्यात शेकडो किलोमीटरचा ट्रकप्रवास आणि पोहोचल्यावर अपुरी सोय, एवढं पुरतं. लांबच्या प्रवासात घोड्याचं डोकं वर बांधलेलं राहिलं की नाका-घशातला मळ बाहेर पडत नाही आणि फुफ्फुसाला सूज येते. दोन-तीन दिवसांनी ताप चढतो तेव्हा ट्रक परत गेलेला असतो.

घोडा रेसमधून बाहेर पडतो तो क्षण नेमका कसा असतो, हेही समजून घ्यायला हवं. मोसम संपत आलेला असतो, पाय गरम लागतो (दुखापतीची खूण), ट्रेनरचं महिन्याचं बिल चालूच असतं. मालक म्हणतो, चांगलं घर बघून देऊन टाका. सईसाच्या ओळखीने कुणी येतो आणि घोडा फुकट जातो. फुकट दिलेल्या घोड्याचा ठावठिकाणा राहत नाही, कारण घेणाऱ्याने काही गुंतवलेलं नसतं आणि देणाऱ्याला विचारायचं नसतं. घोड्याच्या डाव्या मानेत, आयाळीखालच्या जाड बंधात, पंधरा आकडी मायक्रोचिप असते. पुण्याच्या स्टड बुक अथॉरिटीकडे त्याच्या आई-बापाची, जन्मतारखेची नोंद असते. धावणं थांबलं की त्या चिपवर पुढची नोंद करणं कुणावरच बंधनकारक राहत नाही.

ज्यांना घर मिळतं त्यांच्याबाबतही पहिले दोन महिने निर्णायक असतात. ओटचा भरपूर खुराक एकदम तोडला किंवा एकदम हिरव्या चाऱ्यावर सोडलं की पोटशूळ उठतो. बदल आठ-दहा दिवसांत थोडा थोडा करायचा. सरावातल्या बहुसंख्य घोड्यांना जठरात व्रण असतात, म्हणून दिवसभर चघळायला गवत हवं : ४५० किलोच्या घोड्याला किमान सात किलो सुकं गवत आणि २५ ते ४५ लिटर पाणी. नाल काढायची तर आधी मागच्या पायांची, आणि दख्खनच्या खडकाळ माळावर पातळ तळव्याच्या घोड्याला तसंच सोडायचं नाही. तबेल्यात बावीस-तेवीस तास राहिलेल्या घोड्याला पहिल्याच दिवशी मोठं कुरण दिलं तर तो सुसाट धावून स्वतःला मोडून घेतो. आधी लहान कुंपण आणि सोबतीला एखादा शांत म्हातारा घोडा. वळू घोडा असेल तर आधी खच्ची करावा, मग दोनएक महिने थांबून इतरांत मिसळावा. रायडिंग स्कूलमध्ये त्याला सगळं उलटं शिकायचं असतं. रेसमध्ये लगाम ताणला की तो त्यावर भार टाकून जोर धरतो, हेच नवशिक्याच्या हाती जीवघेणं ठरतं. जॉकीला चालत्या घोड्यावर उचलून बसवतात, त्यामुळे स्वार चढेपर्यंत उभं राहणं त्याला माहीत नसतं. पोटऱ्यांचा स्पर्श आणि पाठीवर नीट टेकून बसलेलं वजन, दोन्ही नवं. सहा महिने संयम ठेवला तर यांतले पुष्कळ घोडे उत्तम स्वारीचे होतात. नळीमागचा स्नायूबंध फाटलेल्या घोड्याला मात्र नऊ ते बारा महिने विश्रांती हवी, आणि ती देणारा तबेला क्वचित सापडतो.

हाडं दिसणारा घोडा एखाद्या माळावर सापडला तर लोक कणवेने बादलीभर हरभरा किंवा ओट पुढे ठेवतात. इथेच तो मरतो. उपाशी शरीराला अचानक पिष्ट मिळालं की रक्तातलं फॉस्फेट आणि मॅग्नेशियम घसरतं, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी हृदय बंद पडतं. चांगल्या प्रतीचं सुकं लसूणघास, दर चार तासांनी साधारण अर्धा किलो, पहिले तीन दिवस एवढंच. मग हळूहळू मात्रा वाढवून दहा दिवसांत पोटभर. पाणी पहिल्यापासून. धान्य दोन आठवडे दाखवायचंही नाही. आणि पशुवैद्यक तपासेपर्यंत त्याला इतर घोड्यांपासून दूर बांधायचं, कारण २००६ मध्ये पुणे-पाचगणीत ग्लँडर्स पसरला होता, आणि हा रोग माणसालाही होतो.

उपाय माहीत नाहीत असं नाही. न्यूयॉर्कच्या वॉलकिल तुरुंगाच्या जमिनीवर १९८० च्या दशकापासून कैदी निवृत्त घोडे सांभाळत आले आहेत. ब्रिटनमध्ये ‘रीट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस’ ही संस्था २००० मध्ये रेसिंगनेच उभी केली. भारतात पहिलं पाऊल निव्वळ नोंदींचं आणि शुल्काचं असू शकतं. प्रत्येक नोंदणीच्या आणि प्रत्येक शर्यतीच्या प्रवेशशुल्कात ठराविक हिस्सा निवृत्तीनिधीचा, आणि घोडा रेसमधून वगळताना स्टड बुकमध्ये घेणाऱ्याचं नाव, पत्ता, उद्देश. शिवाय मृत्यू होईपर्यंत वर्षातून एकदा त्याच चिपच्या क्रमांकावर पडताळणी. पैदास करणाऱ्यानेही या निधीत भरणा करायला हवा, कारण किती शिंगरं जन्माला घालायची हे तोच ठरवतो.