निरंतर वैद्यकीय शिक्षणात रुग्णांचा सहभाग

नोंदणी झाल्यानंतरही डॉक्टर, परिचारिका आदींचे जे शिक्षण चालू राहते, त्याचे विषय ठरवणे, ते शिकवणे व तपासणे या कामांत रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांना सामील करून घेण्याची पद्धत. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. ते मुख्यतः ‘सीएमई’ (कंटिन्युइंग मेडिकल एज्युकेशन, म्हणजेच निरंतर वैद्यकीय शिक्षण) सत्रांतून मिळतात.

या सत्रांत रुग्ण एरवी भेटतो तो स्लाइडवर : ‘पुरुष, ५४, मधुमेह, औषधे नियमित घेत नाही.’ तोच माणूस समोर बसून बोलला तर शेवटचे तीन शब्द टिकतीलच असे नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात त्याची पाळी दर आठवड्याला बदलते; रात्रपाळीहून आल्यावर ‘सकाळी नाश्त्याआधी’ म्हणजे नेमके कधी, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. खिशातली गोळ्यांची पट्टी दुकानदाराने कात्रीने कापून दिलेली, नाव उरलेल्या तुकड्यावर राहिलेले. ओपीडीत विचारले की तो ‘पांढरी गोळी’ एवढेच सांगतो.

अमेरिकी न्यूरॉलॉजिस्ट हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये रुग्णाची भूमिका वठवणारी व्यक्ती अध्यापनात आणली. पण ती संहितेप्रमाणे बोलते, तक्रार करत नाही. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतील सीएमईची अधिस्वीकृती संस्था एसीसीएमई हिने रुग्णांना नियोजनात व अध्यापनात घेणे हा विशेष प्रशस्तीचा एक निकष केला. भारतात २०१९ पासून एमबीबीएसला संवाद व नीतिमत्ता यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, मात्र तो विद्यार्थ्यांसाठी.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात ही वाट अधिक मळलेली आहे. ठाण्यात १९०१ पासूनचे मनोरुग्णालय आहे, १९९० मध्ये सुरू झालेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, रुग्ण-नातेवाइकांचे आधारगटही आहेत. व्यसनातून बाहेर पडलेली माणसे समुपदेशक होतात, हे तर महाराष्ट्राला नवे नाही.

रुग्णाला व्यासपीठावर बसवून, शाल-श्रीफळ देऊन बोळवण करणे म्हणजे सहभाग नव्हे. विषय ठरवताना तो खोलीत हवा. आपल्याच डॉक्टरने विचारले तर ‘नाही’ म्हणणे अवघड जाते, म्हणून संमती तिऱ्हाइताने घेणे बरे. आगरी किंवा वारली बोलणाऱ्याला प्रमाण मराठीत बोलायला लावू नये. पाहुण्या वक्त्याला मानधन मिळते. मुरबाडहून येणाऱ्याचा खाडा आणि एसटीचे भाडेही त्याच अंदाजपत्रकात धरावे लागते.